पाणी पाच दिवसांनी

घरकुलामागे, नळाच्या चबुतऱ्यापासून चार वितींवर
मुरमात एक भोक आहे, पेन्सिल जाईल एवढं.
कडेला मातीची रास,
वस्त्रगाळ केल्यासारखी.

अम्मा म्हणाली, मुंगळे असतील, रॉकेल ओत.
रॉकेल मिळतंय कुठं आता.
मी स्टुलावर बसून राहिले चार दिवस,
परीक्षेचं पुस्तक मांडीवर पालथं.

माशी निघाली. एकटी.
पोळं नाही, राणी नाही,
कारखान्याचं कार्ड नाही, हजार विड्या मोजून घेणारा मुकादम नाही.
तरवडाच्या फुलांवरून पिवळी होऊन येते,
बिळात शिरते,
आणि मग बराच वेळ काहीच दिसत नाही.

ते काहीच न दिसणारं बघायला
पाचव्या दिवशी मी खुरपं घेतलं.

"काय उकरायलीस ग उन्हात?"
"काही नाही, अम्मा."

वीतभर खाली निघाली कुपी,
करंगळीच्या पेराएवढी. मातीचीच,
पण आतून चकाकणारी,
सुताला कांजी देतात तशी दिलेली, वर तुपाचा हात फिरवलेला.
तळाला परागाचा गोळा, ओलसर.
त्यावर अंडं, वाकलेलं, तांदळाच्या कणीएवढं.

पाठ केलेलं आठवलं:
पोटाच्या टोकाशी ग्रंथी असते,
तिच्यातला रस ती भिंतीला लावते,
जिभेचा कुंचला करून, कोपरा न सोडता,
तो वाळून पापुद्रा होतो, पाणी त्यातून जात नाही.
पुस्तकात पुढं एकच ओळ: ओलीपासून संरक्षण.

कसली ओल?
वर त्रेचाळीस. काळ्या रानाला पाय अडकेल अशा भेगा.
पिंपाच्या तळाला चार तांबे, आणि नळ परवा.

मी एक थेंब मुरमावर टाकला.
एक म्हणायच्या आत गेला.
दुसरा कुपीच्या फुटक्या अर्ध्यात.
तो बसून राहिला, गोल,
माझ्याकडे बघत.

म्हणजे ही छत्री नव्हे. रांजण आहे.
पाऊस येईल तेव्हा येईल, त्याचंही बघितलंय तिनं,
पण आधी आतलं बाहेर जायला नको.
एका जिवाला पुरेल एवढी ओल
या उन्हात, जमिनीखाली, कुणी राखण न करता.
झाकण लावून ती जाते. पोराचं तोंड बघत नाही.

गावाचं नाव कुंभारी.
चाक मी इथं कधी फिरताना पाहिलं नाही.

अम्मानं कुपी हातात घेतली,
अंगठ्याला विड्या मुडपायचं पत्र्याचं नख तसंच.
उजेडाकडे धरली. बोलली नाही.
तिला काय आठवलं, ठाऊक नाही.
मला आठवल्या दुधाच्या पिशव्या,
धुऊन, उलट्या करून, दोरीवर वाळवलेल्या.
मी सातवीत होते, त्या वर्षी स्लॅब गळायचा.
एकेक वही पिशवीत घालून
ती मेणबत्तीवर कड धरायची,
जळू न देता, चिकटेपर्यंत,
श्वास रोखून.
हाताला तंबाखूचा वास, वह्यांनाही.
गणिताची वही मी अजून फोडलेली नाही.

"हे जगल का आता?"
"नाही. मी उघडलं ना."

तिनं कुपी होती तिथं ठेवली,
माती लोटली,
आणि पदर खोचून धुण्याचा दगड
दोन हात पलीकडं सरकवला.
तिथं आणखी तीन भोकं होती.
चार दिवस बसून मला एकच दिसलं होतं.

परवा नळ आला, पहाटे, सव्वा तास.
भूदेवीनं बादली आपटली, भांडण झालं,
सांडपाणी वाहिलं नेहमीसारखं,
फक्त दुसऱ्या बाजूनं.